उजवीकडे तीन हात

बांबूची एक काठी. तिच्यावर दोन खाचा : एक वितीवर, एक तीन हातांवर.

तांबोळ्यांच्या सायकलीला अडकवायची, विड्याच्या पानांची टोपली.

सागवानी मिंबर. त्याची तिसरी पायरी हलते.

तांदूळ निवडताना आत्याबाई सुपाकडे बघायच्या नाहीत, रस्त्याकडे बघायच्या. भातात खडा कधी लागला नाही.

१९८७ चा रमजान ऐन वैशाखात आला होता.

दगडूचाचा रांगेत वाकडे उभे राहायला लागले.

*

"पुढच्या वर्षापासून तुम्हाला चटयांचा त्रास नाही, भागाबाई," रशीद गुरुजी म्हणाले. ते आमच्या ओट्यावर बसले होते. दुपारची वेळ होती. मी पाणी आणलं आणि रोजा आठवून तांब्या तसाच मागे नेला.

भागाबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. आदल्याच दिवशी त्या वाईहून, लेकीचं बाळंतपण उरकून परत आल्या होत्या आणि सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या.

"त्रास कसला? मान हाय तो आमचा," त्या म्हणाल्या. "झालं काय?"

"मशीद पाडायची म्हणतोय. नवी बांधू. खाली फरशी, वर गालिचा."

आत्याबाईंचा हात सुपात थांबला.

आमची आळी बुरुडांची. सोनवळच्या काळ्या मशिदीच्या पाठीला लागून. मशीद साडेतीनशे वर्षांची. पुढे तीन कमानी, बाजूला दगडी जाळ्या, त्यातली एकही दुसरीसारखी नाही. छज्ज्याच्या कोपऱ्याला एकाच दगडातून कोरलेली साखळी लोंबते, पाच कड्यांची. बाहेरगावचे लोक तिच्याखाली उभे राहून फोटो काढतात. दरवर्षी रमजानच्या आधीच्या आठवड्यात आमच्या घरातून मशिदीत बांबूच्या नऊ चटया जातात. आठ रांगांच्या, एक भिंतीची. त्यांवर जाजम अंथरतात, म्हणून चटया कुणाला दिसत नाहीत. चटया घालायच्या दिवशी आमच्या घरची बाई आत जाते. वर्षातून तो एकच दिवस. ईदला शिरखुर्म्याचं पहिलं पातेलं आमच्या दारात येतं. कधीपासून, ते कुणाला माहीत नाही.

गुरुजी शाळेत शिकवायचे आणि मशिदीच्या कमिटीचे सेक्रेटरी होते. भला माणूस. त्यांच्या डोक्यात काही वाईट नव्हतं, हे आधीच लिहून ठेवते.

"जागा पुरत नाही हो," ते म्हणाले. "मागच्या शुक्रवारी चाळीस माणसं बाहेर उन्हात होती. मोमिनांचे आजोबा चक्कर येऊन पडले. आणि आता हे." त्यांनी खिशातून डबीएवढं काहीतरी काढून ओट्यावर ठेवलं. "कुवेतहून मेव्हण्याने आणलं. मक्का कुठल्या दिशेला ते दाखवतं. काल रांगेवर ठेवून बघितलं. आपण चुकीकडे तोंड करून उभे आहोत."

आत काटा थरथरत होता. असलं यंत्र मी पहिल्यांदाच बघत होते.

"चुकीकडं म्हंजे किती?" आत्याबाईंनी विचारलं.

"फार नाही. मौलाना म्हणतात, एवढ्याने नमाज बाद होत नाही. पण कळल्यावर डोळेझाक कशी करायची? लोक बेचैन झालेत."

"किती, गुरुजी? हातात सांगा."

गुरुजी हसले. "हातात? मोजलं मी. रांगेचं उजवं टोक अडीच हात मागे यायला हवं. म्हणजे पश्चिमेची भिंतच वाकडी बांधलीय. पूर्वीच्या लोकांनी रस्ता बघून भिंत उचलली असणार. आता भिंत काय फिरवता येते?"

"अडीच," आत्याबाई म्हणाल्या.

"परवा जुम्मा आहे. नमाजनंतर ठराव घेणार. ईदनंतर काम सुरू."

"अडीच," त्या पुन्हा म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

*

मी चटया कशा विणल्या ते आता सांगते.

आत्याबाई चैत्रात वाईला गेल्या. जाताना म्हणाल्या, "सरू, आठ चटया तुला येतात. नववी मी लावून दिलीय, तशीच पुढं ने. काठी कोपऱ्यात हाय." एवढंच. लग्नाला दोन वर्षं झाली होती. नवरा पुण्याला बांबूच्या वखारीत कामाला. नववी आजवर त्याच विणायच्या; पहिल्यांदाच सगळं एकटीच्या अंगावर आलं होतं.

आठ चटया झाल्यावर मी नववी उलगडली. आत्याबाईंनी हातभर विणून ठेवली होती. काठ तिरपा होता. पट्टी पुढे जाईल तशी रुंद होत होती.

मला वाईट वाटलं. आश्चर्य वाटलं नाही.

कारण गेलं वर्षभर मी त्यांचं काम गुपचूप सरळ करत होते. तांबोळ्यांची टोपली त्यांनी केली, ती एका बाजूला चपटी. मी रात्रीतून उसवून गोल केली. कुंभारणीची पाटी एका काठाला उंच. मी काठ कापून सारखा केला. एकही वस्तू परत आलेली मी पाहिली नाही. मला वाटायचं, डोळे गेलेत बिचारीचे, आणि सांगायचं कसं? माझे वडील जेजुरीकडचे, त्यांच्या हातच्या तट्ट्याला ओळंबा लावावा इतका सरळ काठ. मी त्यांची मुलगी. म्हातारीची लाज राखायची तर बोलायचं नाही, नुसतं सरळ करायचं, हे मी ठरवून टाकलं होतं.

काठी बघितली. दोन खाचा. वितीवर एक, तीन हातांवर एक. मला वाटलं, वितीवरची खाच जुन्या कसल्यातरी मापाची असेल.

मी तो हातभर भाग उसवला. नववी चटई अठरा हात लांब आणि दोन्ही टोकांना तीन तीन हात रुंद विणली. दोरीसारखी सरळ. विणून झाल्यावर मी तिच्याकडे उभी राहून बघितलं होतं, तेही आठवतं.

मशिदीत ती उचलून न्यायला दगडूचाचा आले. दगडूभाई आतार. चाळीस वर्षं तेच बांग देत होते. चटईचं एक टोक त्यांनी धरलं, एक मी.

"यंदा जड झालीय गं पोरी."

"बांबू ओला आहे चाचा. कालच संपवली."

आम्ही ती पश्चिमेच्या भिंतीला चिकटवून टाकली. मग तिला लागून एकेक करून आठ. उजव्या हाताला मिंबर होता, मौलाना शुक्रवारी ज्याच्यावर उभे राहून बोलतात तो. तो पुढे ओढताना तिसरी पायरी हलली. चाचा म्हणाले, "ही पण बसवायला झालीय." मी हसले. काम चोख झालं होतं.

*

गुरुजी गेल्यावर आत्याबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"काठी आण."

आणली.

"भिंतीची चटई कशी विणलीस?"

"सरळ."

"सरळ म्हंजे?"

"दोन्हीकडं तीन हात."

"मी लावून दिली हुती ती?"

"उसवली."

त्यांनी मग काठी जमिनीवर ठेवून दोन्ही खाचांवर बोटं ठेवली.

"ही डावीकडची. वीत. ही उजवीकडची. तीन हात. तीन हातांतनं वीत गेली, किती राहिले?"

"अडीच."

"ती चटई न्हाई गं. पाचर हाय ती. भिंत वाकडी हाय म्हणून चटई तिरपी. चटई तिरपी म्हणून पुढच्या आठ तिरप्या. आठ तिरप्या म्हणून माणसं सरळ." त्यांनी श्वास घेतला. "माझ्या सासूनं मला काठी दिली. तिला तिच्या सासूनं. भिंत पाडायची का चटई फिरवायची, असं कधीतरी झालं आसंल. कुणीतरी चटईला हो म्हटलं."

"पण मशिदीत कुणालाच कसं माहीत नाही?"

"कोण बघतंय? दगडू नुसती उचलून आणतो, अंथरते मी. वर जाजम. उजवीकडं जास्त जागा सुटते, तर लोकांना वाटतं मिंबरासाठी सोडलीय."

 मशीद पाडायला निघाले होते, आणि ती माझ्या चटईने वाकडी ठरली होती.

"मी सांगून टाकते," मी म्हणाले. "आत्ता जाते गुरुजींकडं."

"काय सांगशील?"

"माझ्या हातून चूक झाली."

"आणि ते काय म्हणतील? गुरुजी काय म्हणणार न्हाईत. बाकीचे?" त्यांनी आवाज खाली आणला. "वीस दिवस झाले रमजानचे. वीस दिवस गाव चुकीकडं तोंड करून हुतं, बुरडाच्या सुनेनं चटई फिरवली म्हणून. तू चांगली चोवीस वर्षांची, धडधाकट, धा बुकं शिकलेली. चुकून झालं हे कोण मानंल? दिवस कसले हाईत, पेपर वाचतीस ना तू?"

वाचत होते. त्या वर्षी पेपरात दर दोन दिवसांनी कुठलीतरी मशीद आणि कुठलंतरी देऊळ असायचं. सोनवळात तोवर काही झालं नव्हतं.

"मग गप्प बसायचं? आणि पाडू दे त्यांना?"

"गप्प कोण म्हणलं? बांबू भिजत घाल."

*

बुधवारी दुपारपासून शुक्रवारी सकाळपर्यंत आम्ही दोघींनी नवी पाचर विणली. मी वितीच्या टोकाकडून, त्या तीन हातांच्या. बोलणं झालं ते एवढंच, आणि तेही तुकड्या-तुकड्यांनी :

"तांबोळ्याची टोपली बी तूच गोल केलीस?"

"हो."

"ती सायकलीच्या दांडीला लागून बसते. एक अंग चपटं लागतं."

"त्याने परत नाही आणली?"

"आणली की. मी दुसरी करून दिली."

"आणि कुंभारणीची पाटी?"

"ती पायरीवर ठिवती. एक काठ उंच लागतो. ती बी दिली करून."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू मला का न्हाई इचारलंस?"

चिरलेल्या बांबूच्या कामट्यांचा आवाज.

"मला वाटलं, तुम्हाला दिसत नाही."

आत्याबाईंचे हात चालूच होते. नजर नेहमीसारखी रस्त्यावर.

"टोपल्यांचं सोड," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "पण डोळ्यांचं तुझं खरं हाय. दिसंना झालंय मला. संध्याकाळचं तर काहीच न्हाई. कुणाला बोलले नव्हते."

मी हातातली कामटी खाली ठेवली. एवढं वाईट वाटलं, आणि त्याच्याच आत थोडं बरंही वाटलं. वर्षभर मी अगदीच मूर्खपणा केला नव्हता म्हणून.

"म्हणून मी बोलणार हाय शुक्रवारी," त्या म्हणाल्या. "पाचर मीच विणली, वाईला जायच्या आधी. डोळ्याला दिसलं न्हाई, सरळ झाली. तू नुसती नेऊन टाकलीस. म्हातारीचे डोळे गेले म्हटलं की कुणाला राग येत न्हाई."

"पण ते खोटं आहे."

"डोळ्यांचं खरं हाय ना? मग अर्धं खरं हाय. तू तोंड उघडायचं न्हाई. शपथ हाय माझी."

मी म्हणायला हवं होतं, नाही. मी म्हणाले, "दीड हात राहिलंय, कामट्या पुरतील का?"

*

दगडूचाचांबद्दल राहिलं.

ते पहिल्या रांगेत, मौलानांच्या मागे जरा उजवीकडे उभे राहायचे. चाळीस वर्षं तीच जागा. त्या रमजानमध्ये ते उभे राहिले की खांदा उजवीकडे वळलेला. शेजारचा त्यांना हलकेच धरून सरळ करायचा. पुढच्या नमाजला पुन्हा तेच. पोरं हसायला लागली. बागवानांचा जलील सगळ्यात पुढे. तो म्हणायचा, "चाचांचं चाक आऊट झालंय, अलाइनमेंट करून आणा." चाचाही हसायचे. मग एके दिवशी त्यांनीच गुरुजींना सांगितलं की, ईदनंतर दुसरा माणूस बघा, माझे पाय मला सांगतात तसं मी उभा राहतो आणि सगळे म्हणतात चुकतंय, तर माझं वय झालं असणार.

हे मला त्यांच्या सुनेने नळावर सांगितलं होतं. मी "हो का" म्हटलं होतं आणि घागर उचलली होती.

*

शुक्रवारी नमाज सुटली तेव्हा आम्ही दोघी मशिदीच्या पायऱ्यांखाली गुंडाळलेली चटई घेऊन उभ्या होतो. अंगणातला दगड इतका तापला होता की बाहेरच्या रांगेतली माणसं नमाजचा शेवटचा सलाम फिरवून चवड्यांवर नाचतच सावलीत आली. गुरुजी कागद घेऊन कमानीत उभे राहिले. सगळे बसले.

जलीलने आम्हाला बघितलं. "काय भागाबाई, अजून एक चटई? अहो, मशीदच राहणार नाही, अंथरता कुठं?"

"तुझ्या डोक्यावर," आत्याबाई म्हणाल्या. "दगडू, हात दे रे. पायरी दिसंना मला."

दगडूचाचा उठून आले. आत्याबाईंनी हवेत हात चाचपडत त्यांचा हात धरला. एक पायरी चढताना पाय हुकला. अंगणातली माणसं वळून बघायला लागली. भागाबाई बुरडीण हातभर रुंद बांधावरून डोक्यावर मोळी घेऊन चालायची, हे सगळ्यांनी बघितलेलं होतं.

"गुरुजी, ठरावाच्या आधी मला बोलायचंय."

"बोला."

"मशीद वाकडी हायेच. साडेतीनशे वर्षं वाकडी हाय. पण तुम्ही सरळ हुता. यंदा मी तुम्हाला वाकडं केलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. भिंत, पाचर, काठी, अडीच हात. काठी गुरुजींच्या हातात दिली. वाईला जायच्या आधी विणली, डोळ्यांना दिसलं नाही, सून नवी, तिला काय माहीत, तिने नेऊन टाकली. बोलताना त्या गुरुजींच्या एका बाजूला, खांबाकडे तोंड करून बोलत होत्या. कुणीतरी त्यांना खांद्याला धरून गुरुजींकडे वळवलं.

मी पायरीखाली उभी होते.  मागून, जाळीच्या बाजूने कुणीतरी बोललं, "आणि मुद्दाम केलं असेल तर?"

कोण बोललं ते मला कधी कळलं नाही. 

दगडूचाचा म्हणाले, "मुद्दाम करायचं असतं तर साडेतीनशे वर्षं होती त्यांच्याकडं. आजच सापडला का मुहूर्त?"

दोन-चार जण हसले. हसल्यावर अंगण सैल झालं.

चाचा हसले नव्हते. त्यांनी पायऱ्यांवरून खाली माझ्याकडे बघितलं. आत्याबाई चैत्राच्या सुरुवातीला वाईला गेल्या होत्या. चटई टाकताना मी त्यांना म्हणाले होते, बांबू ओला आहे, कालच संपवली. हे त्यांना आठवलेलं मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते तोंड फिरवून म्हणाले, "चला रे पोरांनो, जाजम उचला. बघू तर."

जाजम निघालं. आठही चटया उचलल्या, माझी सरळ चटई भिंतीपासून ओढून काढली. जलीलने एक टोक धरलं आणि "बापरे, काय जड" म्हणाला. नवी पाचर उलगडली. डावीकडे वीत, उजवीकडे तीन हात. तिला लागून एकेक चटई बसत गेली. उभं राहून बघितलं की खोलीच कलल्यासारखी वाटत होती.

गुरुजींनी डबी पहिल्या चटईच्या काठावर ठेवली. पोरं भोवती वाकली.

"मागं व्हा. सावली पडते."

काटा हलला, थरथरला, थांबला. गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. मग डबी शेवटच्या चटईवर नेऊन ठेवली. तिथेही बघितलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. शिक्षक होते ते. उत्तर आलं की उत्तर आलं.

दगडूचाचा पुढे गेले. आपल्या जागेवर उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. खांदा जरासा उजवीकडे वळला. चटईच्या काठाशी त्यांचे दोन्ही पाय सारखे होते.

"म्हणजे माझे पाय..." ते म्हणाले, आणि डोळे उघडून खाली पायांकडे बघत राहिले.

जलील त्यांच्या शेजारी होता. रोज तोच त्यांचा खांदा धरून सरळ करायचा. त्याने कान पकडले. "चाचा, माफ करा. आऊट आम्ही होतो."

कुणीतरी मौलानांना विचारलं, वीस दिवसांच्या नमाजचं काय? मौलाना तरुण होते, परभणीकडचे, कमी बोलायचे. म्हणाले, "ज्याला ठाऊक नव्हतं त्याची नमाज झाली. आता ठाऊक आहे तर असं उभं राहा. बस."

गुरुजींच्या हातात अजून कागद होता.

"हे ठीक आहे," ते म्हणाले. "पण ऊन? ऊन काही चटईमुळे नाही. मोमिनांचे आजोबा पडले ते चटईमुळे नाही."

 ते खरंच होतं.

"मांडव आम्ही घालतो," आत्याबाई खांबाकडे बघत म्हणाल्या. "कमानीपासून हौदापर्यंत. बांबूचे तट्टे. उरलेले जुम्मे निघतील. पावसाच्या आधी काढून नेऊ. दरवर्षी घालू."

"दरवर्षी?"

"चटया घालतो, तसं."

गुरुजींनी कागदाची घडी केली. फाडला नाही. खिशात ठेवला. ठराव नंतरच्या वर्षी पुन्हा निघाला, त्याच्या नंतरही एकदा, पण पुढे सरकला नाही. आता अंगणात लोखंडी पत्र्याची शेड आहे. गुरुजींनीच वर्गणी काढून बांधली. मशीद तशीच आहे. जाळ्या आहेत, साखळी आहे. साखळीचं खालचं कडं मध्यंतरी पडलं, पण ते आपोआप.

*

त्या ईदला शिरखुर्म्याचं पहिलं पातेलं नेहमीसारखं आलं. दगडूचाचा स्वतः घेऊन आले. आत्याबाई आत होत्या. चाचांनी पातेलं माझ्या हातात दिलं.

"सरू."

"काय चाचा?"

"पुढच्या वर्षी बांबू नीट वाळव. ओला जड होतो."

एवढंच म्हणून ते गेले. पुढे बारा वर्षं त्यांनी बांग दिली. हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, मीही नाही.

आत्याबाईंना त्यानंतर कुणी काम सांगितलं नाही. राग नव्हता कुणाचा. उलट बाया मुद्दाम चौकशी करायच्या, बाजारात कुणीतरी हात धरून रस्ता ओलांडून द्यायचं. पण सूप हवं असलं, टोपली हवी असली की माझ्याकडे यायच्या. "त्यांना कशाला त्रास," म्हणायच्या. तांबोळीही माझ्याकडे आला. आत्याबाई मागच्या खोलीत बसून विणायच्या, मी ते बाजारात न्यायचे, आणि लोक म्हणायचे, सरूचा हात सासूवर गेलाय. मी ऐकून घ्यायचे. सोळा वर्षं ऐकून घेतलं. बाहेर निघताना त्या माझ्या खांद्यावर हात ठेवायच्या आणि पाय चाचपून टाकायच्या. घरात तेवढं लागायचं नाही. सवयीची जागा आहे, असं मी म्हणायचे.

त्या २००३ साली गेल्या. तिरडीला बांबू मी निवडले. गुरुजी आले होते, जलील आला होता. तो आता बाजार समितीवर आहे, पोट सुटलंय.

काठी माझ्याकडे आहे. वीत डावीकडे, तीन हात उजवीकडे. माझ्या सुनेला मी पहिल्याच वर्षी सगळं सांगितलं, भिंतीपासून. ती बँकेत आहे, विणत नाही, पण तिने वहीत लिहून घेतलं. पाचर अजून मीच विणते. मिंबराची तिसरी पायरी अजून हलते.

१९८७ च्या मार्चमध्ये सोनवळच्या शाळेत डोळे तपासणीचं शिबिर झालं होतं. आत्याबाई गेल्यावर सापडलेल्या त्यांच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलेलं आहे : दोन्ही डोळे उत्तम, चष्मा नको.